परतीचं भाडं

२०२३ च्या मे महिन्याची पहिली तारीख. न्यू जलपायगुडी स्टेशनच्या बाकावर मी बसले होते आणि माझ्या खात्यात ४,१०० रुपये होते. दसरा करून विट्याहून निघाले तेव्हा २ लाख ८० हजार होते. अकरा महिने फिरायचं, महिन्याला पंचवीस हजार, वर पाच हजार शिल्लक, असा साधा हिशेब. मी बी.कॉम. झालेली, सांगलीत एका सीएकडे चार वर्षं काम केलेली मुलगी. हिशेब चुकेल असं मला वाटलंच नव्हतं.

भावाचा फोन आला. आई गोठ्यात घसरून पडली होती, उजवा हात मनगटात मोडला होता. मी म्हटलं, कधी? तो म्हणाला, "तीन आठवडे झाले. तुला सांगू नको म्हणाली. पोरगी आयुष्यात एकदा फिरायला गेलीये, म्हणाली."

गाडीचं तिकीट वेटिंगवर होतं, ते काही पुढे सरकेना. बागडोगऱ्याहून पुण्याच्या विमानाला साडेनऊ हजार लागत होते. ते भावानं पाठवले. सात महिने मी इन्स्टाग्रामवर मुलींना 'स्वतःच्या पैशानं फिरा' सांगत होते आणि घरी परतले ते भावाच्या पैशानं.

अण्णा अंगणात बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बारीक झालीस वगैरे काही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "परतीचं भाडं येगळं ठेवलं न्हवतंस व्हय?"

तेव्हा मला राग आला. आज लिहायला बसलेय ती त्या एका प्रश्नामुळे.

*

अण्णा गलाईवाले. आमच्या भागात हे सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. सांगलीतले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले माण, खटाव हे तालुके कमी पावसाचे. १९७२ च्या दुष्काळाच्या आधीपासून इथली माणसं बाहेर पडत होती, दुष्काळानंतर तर घरटी एक जण गेला. बरेच जण सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरले. आज दिल्ली, कोलकाता, केरळ, तामिळनाडू, कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात भट्टीपाशी आमच्याकडचा माणूस सापडेल. त्याच्या भिंतीवर खरसुंडीच्या सिद्धनाथाचा फोटो असेल.

अण्णा १९८४ साली, सोळाव्या वर्षी, चुलत्याबरोबर मदुराईला गेले. विट्याहून एसटीनं मिरज, मिरजेहून मीटरगेजच्या गाडीनं बंगळूर, तिथून पुढे मदुराई. भाषा येत नव्हती. भाताची सवय नव्हती. सहा जण एका खोलीत, खाली भट्टी, वर झोपायचं. ज्वारीचं पीठ गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर यायचं.

काम असं. सराफाकडे लोकांचे जुने दागिने येतात, त्यात तांबं असतं, डाग असतात, शुद्धता सारखी नसते. ते सोनं मुशीत घालून सवागी टाकून वितळवायचं. शुद्ध करायचं असेल तर त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळायची, बारीक दाणे किंवा पट्ट्या करायच्या आणि तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, उकळायच्या. चांदी आणि तांबं विरघळतं. तळाशी तपकिरी भुकटी राहते, तेच सोनं. ती परत वितळवली की पिवळं धमक. तेजाबात उतरलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवायची. सोनाराच्या दुकानातला झाडलोटीचा केरसुद्धा विकत घेऊन धुवायचा, त्यातही कण असतात. हे सगळं करताना तांबूस धूर निघतो. अण्णांचा खोकला त्या धुराचा आहे.

चौतीस-पस्तीस वर्षं ते तिथं राहिले. २०१९ ला दम लागायला लागला तेव्हा दुकान चुलतभावाला देऊन परत आले. त्यांना 'ट्रॅव्हलर' म्हणावं असं माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. पण जरा बघा: घरापासून हजार किलोमीटरवर, परक्या भाषेत, खिशात काही नसताना गेलेला मुलगा तीन दशकं तिथं टिकला, घरी पैसे पाठवत राहिला, वर्षातून एकदा यात्रेला आला आणि कर्ज न करता परतला. मी साडेसहा महिन्यांत संपले.

त्यांची एक लाल वही आहे. खरं तर अकरा वह्या आहेत. परत आल्यावर, आईच्या हाताला प्लॅस्टर असताना, भाकरी थापायला शिकता शिकता मी त्या वाचून काढल्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर वर एक ओळ: 'परतीचे भाडे', पुढे आकडा. त्या रकमेला कधीही हात लावलेला नाही. दर दिवाळीला नवं भाडं किती झालं ते बघून आकडा वाढवलेला. चुलत्यानं गाडीत बसताना पहिली गोष्ट सांगितली होती म्हणे: पँटीच्या आत चोरखिसा शिवून घे, त्यात परतीचं भाडं ठेव आणि ते तुझं नाही असं समज. भांडण झालं, आजार आला, घरी कुणी गेलं, मालकानं हाकललं, तरी तू कुणाच्या दारात उभा राहणार नाहीस.

आजच्या भाषेत याला इमर्जन्सी फंड म्हणतात. मी पन्नास रील्समध्ये तो शब्द ऐकला होता. पण माझ्या शीटमध्ये तो रकाना 'मिसलेनियस'च्या आत होता, आणि मिसलेनियस मी भूतानमध्ये खर्च केलं.

*

मग मी स्वतःचा हिशेब अण्णांच्या पद्धतीनं मांडला. एकूण २०३ दिवस. खर्च २,७५,९००. त्यातले प्रवासाचे, म्हणजे गाड्या, बस, शेअर जीप, ९८,०००. राहण्याचे ८९,०००. खाण्याचे ६१,०००. बाकी परवाने, फोनची स्क्रीन, थंडीचे बूट, भूतानचं शुल्क असे २७,९००.

तुमच्यापैकी जे असा बेत करत असतील त्यांनी एक आकडा बघा. २०३ दिवसांत मी ३१ ठिकाणी राहिले. एका ठिकाणी सरासरी आठवडासुद्धा नाही. मी स्वस्त जागा निवडत होते. नेपाळमध्ये व्हिसा लागत नाही, आपल्या शंभराला तिकडचे एकशे साठ मिळतात, म्हणून तिकडे महिनाभर राहिले. होस्टेलच्या डॉर्ममध्ये झोपत होते, ढाब्यावर जेवत होते. तरी पैसे गळत होते, कारण गळती जागा बदलण्यात होती. रोजच्या भावानं घेतलेली खोली महिन्याच्या भावापेक्षा दुपटीनं महाग पडते. नव्या गावात पहिले दोन दिवस माणूस चुकीच्या ठिकाणी जेवतो, चुकीच्या रिक्षात बसतो. भाजी कुठं स्वस्त आहे ते कळेपर्यंत मी निघालेली असायचे.

एक अपवाद होता. मार्चमध्ये कालिम्पाँगजवळच्या एका गावात मला ताप आला आणि मी २३ दिवस एकाच होमस्टेमध्ये पडून राहिले. त्या २३ दिवसांचा खर्च ११,५०० रुपये. दिवसाला पाचशे. बाकीच्या १८० दिवसांची सरासरी जवळजवळ १,४७० येते. तिथं काय वेगळं होतं? बरी झाल्यावर मालकाला बँकेच्या कर्जासाठी तीन वर्षांचा जमाखर्च मांडायचा होता. पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. मी आठ दिवस बसून त्या लावून दिल्या. त्यानं दोन आठवड्यांचं खोलीभाडं घेतलं नाही आणि त्याच्या बायकोनं मला घरात जेवायला बसवलं.

हे माझ्या नाकासमोर घडलं आणि मला काहीच कळलं नाही. मी त्याला 'हॉस्पिटॅलिटी' म्हणून एक भावुक पोस्ट लिहिली आणि पुढच्या आठवड्यात भूतानला गेले, जिथं भारतीय पाहुण्याला प्रत्येक रात्रीचे १,२०० रुपये नुसतं शुल्क भरावं लागतं. पाच रात्री राहिले. भूताननं ते शुल्क लावलंय ते योग्यच आहे, त्यांना गर्दी नको आहे. माझ्यासारख्यांनी ते आधी वाचायला हवं होतं.

*

जूनपासून मी परत सांगलीला त्याच ऑफिसात जायला लागले. विष्णुदास भावे नाट्यमंदिर माझ्या वाटेवर होतं. शाळेत पाठ केलेलं आठवायचं: ५ नोव्हेंबर १८४३, 'सीतास्वयंवर', मराठी रंगभूमी दिन. त्या दिवसांत मी पैशाच्या चिंतेत असल्यामुळे असेल, पण मला त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटायला लागला.

गोष्टीची सुरुवातच फिरस्त्यांपासून होते. कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली, ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि आपल्याकडेही असं काही व्हावं म्हणून भाव्यांना सांगितलं. खर्च संस्थानचा. आठ वर्षं चाललं. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि आश्रय संपला. भाव्यांच्या अंगावर नटमंडळी आणि कर्ज. तेव्हा त्यांनी मंडळी घेऊन गाव सोडलं. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केला. पुढची कित्येक वर्षं 'सांगलीकर' नाव लावून मंडळी गावोगाव फिरली. मराठी नाटक कंपन्यांची पुढची सगळी भटकंती याच पायवाटेनं गेली: मुक्काम करा, तिकिटं विका, त्या गावातल्या उत्पन्नावर पुढच्या गावी जा.

माझ्याकडे ६,२०० फॉलोअर होते. एका बॅगवाल्या ब्रँडनं एक बॅग दिली होती, दोन होस्टेलांनी दोन-दोन रात्री फुकट दिल्या होत्या. त्यांच्यासाठी मी जे व्हिडिओ केले ते करायला चार-चार दिवस गेले. मी राजाश्रय शोधत होते. आणि राजा खूश असेपर्यंतच तो असतो, हे सांगलीत शिकलेल्या मुलीला कळायला हवं होतं. भावे टिकले कारण समोर बसलेल्या माणसानं पैसे दिले. त्या गावातल्या माणसाला त्या रात्री जे हवं होतं ते त्यांच्या गाडीत होतं.

*

दिवाळी झाल्यावर मी रहिमतपूरजवळ मावशीकडे गेले. २०२३ चा पावसाळा आमच्याकडे कोरडाच गेला होता. मावशीचं सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं होतं आणि त्यात मेंढरं बसली होती.

माणदेशातले धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन बाहेर पडतात. काही कृष्णाकाठानं सरकतात, काही घाट उतरून कोकणात जातात, पाऊस सुरू व्हायच्या वेळी परत फिरतात. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांनी 'बनगरवाडी'त १९५५ साली लिहिलेला मुलूख तो हाच. लहानपणापासून मी रस्त्यावर घोड्यावरची बिऱ्हाडं, वर बांधलेल्या कोंबड्या, मागून कुत्री बघत आलेय. गाडीची काच खाली करून फोटोही काढलेत.

त्या संध्याकाळी मी मावशीबरोबर चहाची किटली घेऊन वाड्यावर गेले. जाळीचं कुंपण ठोकायचं चाललं होतं, त्याला ते वाघर म्हणतात. साठीच्या आतबाहेरची एक बाई तीन दगडांवर कालवण ढवळत होती. मी विचारलं, तुम्ही सात-आठ महिने फिरता, खर्च कसा भागतो? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती हसली.

"तुझ्या मावशीला इचार की. तिनं ज्वारी दिलीया."

मला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडी आणि मूत जमिनीत मुरतं, एकसारखं पसरलेलं, वाहतुकीचा खर्च नसलेलं खत. किती मेंढरं, किती रात्री, यावर शेतकऱ्याशी ठरतं. कधी धान्य, कधी रोख, कधी दोन्ही. दिवसा मेंढरं कापणी झालेल्या रानातला पाला खातात, म्हणजे चाराही तिथलाच. अडीनडीला एखादं कोकरू किंवा मेंढा बाजारात जातो. लोकरीला भाव राहिला नाही, कातरणीचासुद्धा खर्च निघत नाही, असं ती म्हणाली.

मी म्हटलं, म्हणजे चालताना काहीच मिळत नाही?

"चालायचं पैसं कोण देतंय पोरी. थांबायचं देत्यात."

तिनं हे काही मोठं वाक्य म्हणून टाकलं नाही. लगेच नातवाला ओरडली, पाणी आण म्हणून. मी मात्र तिथंच बसले. माझ्या सगळ्या खर्चाचं कोडं त्या वाक्यात होतं. मी साडेसहा महिने चालायचे पैसे मागत होते. बघा मी कुठं आलेय, बघा कसला सूर्यास्त, द्या पैसे. कोण देणार? सूर्यास्त फुकट आहे. कालिम्पाँगच्या मालकानं भाडं सोडलं ते मी थांबले म्हणून आणि त्याला लागणारं काही माझ्याकडे होतं म्हणून. मदुराईच्या सराफानं अण्णांच्या हातात लाखाचं सोनं ठेवलं ते अण्णा तिथं थांबले होते म्हणून. आज आला आणि उद्या गेला त्या माणसाच्या हातात कुणी सोनं देत नाही.

या बाईच्या फिरण्यात आणि माझ्या फिरण्यात मी बरोबरीची रेघ ओढत नाहीये. तिच्या वाटेवर लांडगे आहेत, मेंढरं चोरणारे आहेत, चराईवरून अडवणारे आहेत. गावाकडे पाणी आणि चारा असता तर कोण कशाला चाललं असतं, असं तीच म्हणाली. मी हौसेनं जाते. पण फिरणं परवडतं कसं याचा अभ्यास करायचा तर ज्यांना ते परवडवावंच लागतं त्यांच्याकडून करावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

निघताना मी आणखी एक विचारलं. गावाकडे कोण आहे? ती म्हणाली, थोरली सून. शाळेची पोरं, म्हातारा, दोन एकराचा तुकडा, सगळं ती बघती. "ती हाय म्हणून आमी हितं."

*

त्या रात्री मला अण्णांच्या वह्या परत आठवल्या. अकरा वह्यांत मनीऑर्डरी आहेत, नंतर बँकेच्या स्लिपा आहेत, पिठाचे पैसे आहेत, देवाचा नारळ आहे. आई नाही. म्हणजे 'घरी पाठवले' असं आहे, पण त्या घरात कोण काय करत होतं ते नाही. आईनं तेवढी वर्षं आजी-आजोबांचं आजारपण काढलं, आम्हा दोघांना वाढवलं, दोन गाई सांभाळल्या, टेंभूचं पाणी यायच्या आधी लांबून हंडे आणले. अण्णांचा मुक्काम मदुराईला टिकला त्यात तेजाब आणि सोनं जेवढं होतं तेवढीच आई होती. तिची मजुरी कुणी लिहिली नाही, अण्णांनीही नाही. मी तर तिला हिशेबातच धरलं नव्हतं. मी निघाले तेव्हा गोठ्यातली माझी सकाळची पाळी तिच्यावर गेली होती. घसरली ती माझ्या पाळीला.

हे मला कुठल्याही ट्रॅव्हल व्हिडिओनं सांगितलं नव्हतं. नोकरी सोडून जग फिरणाऱ्या प्रत्येकाच्या मागे एक घर असतं, त्याचं लाइटबिल कुणीतरी भरतं, आजाऱ्याला कुणीतरी दवाखान्यात नेतं. ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा बाई असते. तिचा खर्च फिरणाऱ्याच्या बजेटमध्ये दिसत नाही, म्हणून ते बजेट एवढं स्वस्त दिसतं.

*

२०२४ च्या फेब्रुवारीत मी परत निघाले. या वेळी कसं जमवलं ते सांगते, कारण पहिल्या फेरीनंतर मला सगळ्यात जास्त मेसेज याच प्रश्नाचे आले होते.

माझ्या गाडीत काय आहे हा पहिला प्रश्न. मला फोटो बरे येतात, पण माझ्याहून बरे काढणारे लाखो आहेत. मला जीएसटीची रिटर्नं भरता येतात. हे सांगायला काही रोमँटिक नाही. पण आमच्या भावकीतले गलाईवाले दक्षिणेत विखुरलेले, त्यांना आपल्या भाषेत बोलणारी, रात्री नऊला फोन उचलणारी आणि सोन्याच्या धंद्यातलं कळणारी व्यक्ती हवी होती. अण्णांच्या ओळखीनं सहा जण मिळाले. मग त्यांच्या ओळखीचे, मग दोन होमस्टेवाले. आज सतरा आहेत, प्रत्येकी महिना १,३०० रुपये. बावीस हजार शंभर.

रिटर्नं माझं वेळापत्रक ठरवतात. जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला, ३बी ची २० ला. म्हणून महिन्याच्या ७ ते ११ आणि १६ ते २० मी कुठंही हलत नाही. नेट चांगलं असेल तिथंच बसते. उरलेल्या दिवसांत आजूबाजूला फिरते. एका ठिकाणी किमान दोन महिने, खोली महिन्याच्या भावानं. खर्च असा: खोली ६,५००, जेवण ६,०००, प्रवास ३,५००, फोन आणि आरोग्य विमा १,१००, आणि 'घर' ३,०००.

'घर' म्हणजे गोठ्याच्या कामाला येणाऱ्या बाईंचे पैसे. माझी पाळी त्या करतात. एकूण वीस हजार शंभर, दोन हजार उरतात. परतीचं भाडं वेगळ्या बँकेत वेगळ्या खात्यात आहे, त्या खात्याचं ॲप फोनवर ठेवलेलं नाही. विमानाच्या ऐन वेळच्या तिकिटाचा दर धरून दर दिवाळीला रक्कम वाढवते.

यात काय नाही तेही सांगते. म्हातारपणाची तरतूद यात नाही, ती सुरू करायची आहे. एखाद्या महिन्यात तीन जणांनी पैसे थकवले की जेवणातला आकडा खाली येतो. पोर्टल बंद पडतं तेव्हा डोंगरावर बसून रडू येतं. आणि मी अकरा महिने सलग फिरत नाही. चैत्रात खरसुंडीच्या यात्रेला आणि दिवाळीला घरी असते, गलाईवाल्यांसारखीच. पहिल्यांदा मला हे हरल्यासारखं वाटलं होतं. आता यात्रेत सासनकाठीवर गुलाल-खोबरं उधळताना आजूबाजूला बघते तर निम्मा घोळका कोइमतूर, दिल्ली, कोलकात्याहून आलेला असतो. ही माणसं मला विचारतात, "यंदा कुठं हायस?" कधी परत येणार असं कुणी विचारत नाही, कारण मी आलेलीच असते.

मागच्या दिवाळीत मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन महिन्याचा ताळा करत होते. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिचा हात आता बरा आहे, थंडीत दुखतो. तिनं विचारलं, "त्या घर म्हणून लिवलंयस त्यात काय काय येतं?" मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या बापानं मला एकदाच मदुराईला न्हेलं. तू पोटात व्हतीस. उलट्यांपायी देऊळ बी धड बघितलं न्हाई."

अण्णा आत खोकत होते. खोकला थांबला, म्हणजे ऐकत होते.

मी शीटमध्ये एक रकाना वाढवला. दोन तिकिटं स्लीपरची, एक खोली महिन्याच्या भावानं, गोठ्याच्या बाईंचे जादा दिवस, अण्णांच्या जेवणाची सोय. २१ तारखेला निघायचं, पुढच्या ७ च्या आत मी कामाला लागायचं. आईनं आकडे वाचता येत असूनही मला मोठ्यानं वाचायला लावले. शेवटी म्हणाली, "आणि परतीचं?"

तेव्हा आतून अण्णा म्हणाले, "तिचं परतीचं भाडं मी देतो. राह्यलंय माझ्याकडं."